विनाअर्ज गैरहजर

'सनदी परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुक्रवारी सकाळी साडेसहाला अप्पांचा निरोप पडला : "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उद्या शनिवारी दुपारी ठीक चार वाजता राहत्या घरी बैठक ठेवली आहे. विषय : बाक. उपस्थिती सक्तीची." फोनवर सही करता येत नाही म्हणून खाली पूर्ण नाव होतं. देवदान यहोशवा सनदी, चिटणीस. सून क्रांतीने त्यावर जोडलेले हात टाकले, नातू आदर्शने अंगठा, आणि इचलकरंजीत दिलेल्या मार्थाने घाईत वाढदिवसाचा केक.

अप्पांना आता एकोणऐंशीवं लागलं होतं. सरकारी कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. एकाच आजीच्या मयताला दोनदा रजा मागणारा शिपाई त्यांनी तीन वर्षांच्या फरकाने पकडला होता, आणि ही गोष्ट ते अजून पावण्यारावळ्यांना सांगत. याच हाताने त्यांनी चर्चची हजेरीवही चालवली. नियमही त्यांचाच. सलग बारा रविवार गैरहजर, लेखी कारण नाही, तर वार्षिक सभेत नाव वाचून दाखवायचं आणि यादीतून कमी करायचं. नावापुढे ते लाल शाईने शेरा मारत : विनाअर्ज गैरहजर. आजवर असे त्रेचाळीस शेरे पडले होते. त्यातला एक सख्ख्या भावाच्या नावापुढे होता, पण तो विषय घरात निघत नसे.

येता रविवार बारावा होता. वार्षिक सभाही त्याच दिवशी.

लॉकडाउननंतर सनद्यांचं घर एका युक्तीवर चाललं होतं. नऊ-दहा रविवार बुडवायचे आणि मग एकदा तोंड दाखवायचं. उपासना मोबाइलवर दिसायला लागल्यापासून आधी लोक अंघोळ करून बघत, मग चहा पीत बघत, मग पडल्या पडल्या, आणि मग बघायचेच बंद झाले. या खेपेला मोजायला मात्र सगळेच विसरले. पुढून तिसऱ्या बाकावर, जिथं कधीकाळी सनद्यांची नऊ माणसं दाटीवाटीने बसत, तिथं अकरा रविवार अप्पा एकटे बसत होते. वही मांडीवर, छत्री शेजारी. छत्री कुणासाठी तरी जागा धरल्यासारखी आडवी ठेवत, एवढंच.

"विषय पहिला," शनिवारी चारला अप्पा म्हणाले. "उद्या मी उभं राहून पोटच्या पोरांची नावं वाचायची काय?"

क्रांतीने चहाचे कप पुढे सरकवले.

"अप्पा, उद्यमनगरची सुट्टी सोमवारची," जयवंत म्हणाला. त्याच्या दोन लेथ होत्या आणि पन्नाशीतही बापापुढे आवाज चढत नव्हता. "देवानं रविवारी विश्रांती घेतली असंल, पण आमच्या फौंड्रीवाल्यास्नी सोमवारीच लागती. रविवारी मशीन बंद ठिवलं तर कास्टिंग घिऊन बसू काय दारात?"

"सोमवारी पण देव असतो दादा," मार्था म्हणाली. "आमच्या हॉलात सोमवारी उपासप्रार्थना हाय. ये की."

"तिथं ढोल बडवत्यात म्हणं," क्रांती म्हणाली.

"ढोल न्हाय वैनी, ड्रम."

"आवाज सारखाच की."

मार्थाने कप खाली ठेवला. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिने आपल्या नावाचा दाखला इचलकरंजीला हलवला नव्हता. सासरच्या त्या प्रार्थनेच्या हॉलात ती टाळ्या वाजवून गात असे, पण नाव मात्र बापाच्या वहीत राहू दिलं होतं. का, ते तिला सांगता आलं नसतं. माहेरच्या फळीवर आपलं एक ताट असावं, ते वापरात नसलं तरी कुणी मोडीत घालू नये, असं काहीतरी होतं ते.

"तू गप," ती जयवंतकडे वळली. "वैनीला तू घिऊन जायाचं. नवरा जात न्हाय म्हटल्यावर बायकू कशी जाईल?"

"मी नवऱ्यापायी थांबले न्हाय," क्रांती म्हणाली.

इथे बैठकीचं वारं फिरलं. तोवर भाऊ-भावजय एका बाजूला आणि मार्था दुसऱ्या बाजूला असा सामना होता. आता जयवंत हळूच मार्थाच्या बाजूला सरकला, कारण बायकोचा हा सूर त्याच्या ओळखीचा होता.

"माझी आई गेली तवा लॉकडाउन होतं," क्रांती म्हणाली. "कोण आलं न्हाय, मी समजून घेतलं. पुढं सगळं उघडलं. चर्च उघडलं, महिला मंडळाची सहल पन्हाळ्याला गेली. माझ्या दारात कोण आलं? अकरा रविवार गेल्यावर नाव वाचायला समदी तयार. दार वाजवायला एक माणूस न्हाय." तिने कप गोळा करायला सुरुवात केली. "घरचा माणूस चिटणीस असून."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. हे कारण त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. कचेरीत असतं तर त्यांनी विचारलं असतं, लेखी का दिलं नाही? ते तोंडावर आलंही होतं, पण सून स्वयंपाकघरात निघून गेली होती.

"आदर्श, तुझं काय?"

आदर्श चोवीस वर्षांचा. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. दर रविवारी तो अप्पांना मोटरसायकलवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडी आणि तिथून मैदानावर जाई.

"अप्पा, खरं सांगू? मला ते आतनं पटत न्हाय. उगं डोळं मिटून बसलो तर तुमालाच फसवल्यागत हुईल."

"पटत नाही हे कारण होऊ शकत नाही."

"मग दुसरं न्हाय माझ्याकडं."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. बाकीच्या तिघांनी उद्या येण्याचा शब्द दिला, याने दिला नाही. आणि का कोण जाणे, त्यांना याचाच राग कमी आला.

आता शब्द देणं आणि पाळणं यांत कोल्हापुरात एक रात्र असते. रात्री जयवंतला निरोप आला की सकाळी सातला अर्जंट माल येतोय. त्याने विचार केला, क्रांती जाणारच आहे. पण बापाचं तोंड आठवलं, आणि तो शेजारच्या सयाजीकडे गेला. सयाजीच्या गोठ्यात सहा म्हशी. पेठेत मयत असो, वास्तुशांत असो, घरटी एक माणूस गेलं की झालं, आणि घरातलं नसलं तर शेजारचं गेलं तरी चालतं, हा रिवाज दोघांच्या अंगात मुरलेला.

"अप्पाचा बाक मोकळा दिसाय नको बघ," जयवंत म्हणाला.

"एवढंच व्हय? जातो की," सयाजी म्हणाला. "फेटा बांधू का टोपी चालंल?"

क्रांतीकडे एका बारशाची चाळीस ताटांची ऑर्डर होती. तिने हिशेब केला, अकरापर्यंत मोकळी होईन. तोवर समोरच्या अक्काताई बसतील. अक्काताई जैन, साठीच्या. आठवड्यातून तीनदा बस्तीत देवदर्शनाला जाणाऱ्या. "देवाचंच घर न्हवं? बसते की," त्या म्हणाल्या. "फकस्त माझं गरम पाणी मी घिऊन येणार."

मार्थाला तर हॉलात साडेनऊला गायचं होतं. ती पहाटेच उठली, सातला चर्चचा शिपाई दार उघडत असताना आत शिरली, आणि यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी आपली जांभळी शाल तिसऱ्या बाकावर पसरून सव्वासातच्या गाडीने इचलकरंजीला गेली.

म्हणजे तिघांनीही शब्द आपापल्या परीने पाळला.

नऊला अप्पा आले ते छाती पुढे काढूनच. दारातून त्यांना तिसरा बाक भरलेला दिसला. दोन डोकी, एक फेटा. फेटा? ते जवळ गेले.

"या अप्पा, या," सयाजी सरकत म्हणाला. "जयवंताच्या जागी मी."

"आनि मी क्रांतीच्या," अक्काताई म्हणाल्या. थर्मास त्यांच्या मांडीवर होता. "ही शाल मार्थाची. कुणाला बसू दिलं न्हाय मी."

अप्पांनी बसायच्या आधी खिडकीबाहेर बघितलं. आदर्शने आज गाडी वळवली नव्हती. तो फाटकाशी गाडीवरच बसला होता. बाकावरच्या गर्दीत आपलं असं एकही माणूस नाही हे अप्पांना त्या क्षणी असं लागलं, की पहिलं गीत सुरू झालं तरी त्यांचं तोंड उघडेना. गायला सयाजी होता. गीतपुस्तक नाकाशी धरून, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागून, म्हशीला हाळी द्यायच्या आवाजात. समोरच्या बाकावरच्या बाईने दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा वळली तेव्हा हसत होती.

उपासना संपून सभा सुरू झाली. तरुण पाळकसाहेब, अहमदनगरकडून सहा महिन्यांपूर्वीच आलेले, म्हणाले, "चिटणीस साहेब, नावं वाचावीत."

अप्पा उभे राहिले. वही उघडली. मागच्या बाकावर योनाबापू पुढे सरसावून बसले. योनाबापू पंचांपैकी एक. त्यांच्या थोरल्या पोराचं नाव अप्पांनी सोळा वर्षांपूर्वी याच जागेवरून वाचलं होतं, आणि तेव्हापासून बापू या दिवसाची वाट बघत होते.

"जयवंत देवदान सनदी," अप्पांनी वाचलं.

"हाय!" सयाजी उभा राहिला.

सभेत खसखस पिकली. "कोण आहे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"जयवंताच्या नावानं मी हाय की साहेब. घरटी एक माणूस. त्याचा माल आलाय सकाळी."

"क्रांती जयवंत सनदी."

"येतीया, येतीया," अक्काताई बसूनच म्हणाल्या. "चाळीस ताटं हायत. अकराला येती म्हणालीया, आनि ती शबदाची पक्की हाय."

"मार्था..." अप्पांचा आवाज तिथेच थांबला. सगळ्या सभेने जांभळ्या शालीकडे बघितलं. शालीने उत्तर दिलं नाही.

"आदर्श जयवंत सनदी."

"अप्पा, मी भाईर हाय," खिडकीतून आवाज आला.

"आत का बाहेर?"

"पायरीवर."

आता हसू आवरेना. पाळकसाहेबही खाली बघून हसले. हसले नाहीत ते अप्पा आणि योनाबापू.

"हसायला काय झालं?" बापू उठून म्हणाले. "शेरा मारा की चिटणीस. माझ्या दाविदाच्या वक्ताला फेटेवाला चालला असता काय? त्यो बेळगावला नोकरीला गेलता. तुमी म्हटलासा, कळवलं न्हाय. सगळ्या मंडळीपुढं वाचलासा. त्याची आई हितंच बसलीती." ते अधिकच ओरडून बोलले. "मारा शेरा!"

सयाजीला काहीतरी बिघडलंय एवढं कळलं आणि तो हळूच बसला.

अप्पांनी खिशातून लाल पेन काढलं. नियम त्यांचा होता आणि बापू बरोबर होते. बापूंच्या पोराला एक आणि आपल्या पोरांना एक असा माणूस ते कधीच नव्हते. शेरा मारला तर बाक जन्मभराचा रिकामा, आणि नाही मारला तर वही खोटी. वहीत रकाने दोनच होते, हजर आणि गैरहजर. त्यांना कालची क्रांती आठवली, कप गोळा करणारी. दार वाजवायला एक माणूस न्हाय. त्रेचाळीस माणसांची नावं आपण वाचली. त्यातल्या किती जणांचं दार वाजवलं होतं?

त्यांनी लाल पेन परत खिशात घातलं आणि निळं काढलं. पट्टी नव्हती, म्हणून गीतपुस्तकाची कड धरून पानावर उभी रेघ मारली. रेघ थोडी वाकडी आली.

"जयवंत देवदान सनदी," ते म्हणाले. "रजेवर."

"काय?" बापू म्हणाले.

"रजेवर. क्रांती जयवंत सनदी, रजेवर. मार्था, रजेवर. आदर्श जयवंत सनदी..." त्यांनी खिडकीकडे बघितलं. "रजेवर. पायरीपर्यंत हजर."

"आनि अर्ज? लेखी अर्ज कुठाय?"

"काल ऐकला. तोंडी."

"तोंडी अर्ज चालतो व्हय?"

"आजपासून चालतो."

"मग माझा दाविद?"

"सोळा वर्षं रजेवर आहे," अप्पा म्हणाले, आणि मागची पानं उलटायला लागले. "दाविद योना हिरवे. बापू, बसा. मी चुकलो होतो."

बापूंनी भांडणाची तयारी वर्षानुवर्षांची करून ठेवली होती, पण या वाक्यावर काय बोलायचं ते त्यात नव्हतं. ते बसले. बायकोने त्यांच्या हातात रुमाल दिला.

अप्पा एकेक पान मागे जात, एकेक नाव वाचत राहिले. रजेवर. रजेवर. काही जण दुबईला होते, काही दुसऱ्या चर्चात, काही कुठेच नाहीत. एका नावाला मागून कुणीतरी म्हणालं, "ते वारले की अप्पा," तर अप्पा म्हणाले, "मग त्यांची वरून मंजूर झाली," आणि पुढे गेले. नेमकी याच वेळी क्रांती धापा टाकत आत आली, हाताला हळद तशीच.

"हजर लिवा, हजर, मी आले!"

"गप बस," अक्काताईंनी तिला खाली ओढलं. "रजा मंजूर झालीया. आता बिघडवू नगंस."

क्रांतीने समोर बघितलं. सासरे वहीच्या अगदी सुरुवातीच्या पानांवर आले होते. बेचाळीस नावं झाली होती. त्रेचाळिसावं त्यांनी मनात वाचलं असावं, कारण ओठ हलले पण आवाज आला नाही. ते कोणतं असणार हे तिने सासूच्या तोंडून एकदाच ऐकलं होतं.

"हा अर्ज अजून ऐकायचा आहे," अप्पा म्हणाले. त्यांनी वही मिटून काखेत मारली. "साहेब, बाकीची सभा तुम्ही चालवा." आणि सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते सभा अर्धी टाकून बाहेर पडले. छत्री बाकावरच राहिली.

"घरी?" आदर्शने गाडी चालू करत विचारलं.

"डावीकडं घे. शमुवेलच्या दुकानाकडं."

आदर्शने मागे वळून बघितलं. सनद्यांच्या घरात ते नाव असं सरळ घेतलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

शमुवेलचं सायकल-पंक्चरचं दुकान तीन गल्ल्या सोडून होतं. सदतीस वर्षांपूर्वी त्याची बायको रत्ना मिरजेच्या दवाखान्यात होती. तेव्हा त्याचे बारा रविवार तिच्या खाटेशी गेले, आणि तेराव्याला तो आला तेव्हा थोरल्या भावाने त्याचं नाव कमी केलेलं होतं. त्यानंतर त्याने चर्चची पायरी चढली नाही. रत्ना बरी झाली, पुढे वीस वर्षं जगली आणि वीस वर्षं दर नाताळाला अप्पांच्या घरी करंज्यांचा डबा पाठवत राहिली. अप्पा करंजी खात. त्या घरी मात्र गेले नाहीत. तिच्या दफनाला गेले ते सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि माती टाकून परतले.

शमुवेल ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने मान वर केली, वही बघितली.

"सदतीस वर्सं लागली व्हय हजेरी घ्याला?"

"अर्ज आला नव्हता," अप्पा म्हणाले. मनात ठरवलेलं वाक्य वेगळं होतं, पण तोंडाला हेच सवयीचं.

"आलता." शमुवेलने हात पुसले. फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि व्हॉल्वच्या पिशव्यांखालून एक पिवळा कागद काढून पुढे धरला. "तू परत पाठवलास. तारीख न्हवती म्हणून."

अप्पांनी कागद घेतला. कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लाल शाईने लिहिलं होतं : अपूर्ण, परत. आठवण इतकी वर्षं सोयीने गप्प बसली होती, ती आता सगळी एकदम आली. ते उभ्या उभ्या वाचायला लागले. माझी पत्नी रत्ना ही मिरजेस दवाखान्यात असून तिच्याजवळ दुसरे कोणी नसल्याने. चार ओळींचा अर्ज होता. तो वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"शामू," ते म्हणाले, "रत्नाचं कसं हाय?"

आदर्श गाडीवरून पटकन उतरला. म्हातारा घोटाळतोय असं त्याला वाटलं. चुलतआजी जाऊन सतरा वर्षं झाली होती. शमुवेलला मात्र तसं काही वाटलं नाही. हा प्रश्न त्याच्याकडे फार दिवसांचा यायचा राहिला होता. त्याने ट्यूब बाजूला ठेवली.

"लई आजारी हुती दादा," तो म्हणाला. "मग बरी झाली. तुला करंज्या पाठवायची की."

"चांगल्या असायच्या."

"सांगायचं हुतंस तिला."

अप्पांनी मान हलवली. मग निळं पेन काढून, कागद वहीवर ठेवून, त्यांनी तारखेची जागा शोधली. "कुठली घालू?"

"आजची घाल. मागली घातलीस तर खोटं हुईल."

त्यांनी आजची घातली. खाली लिहिलं, मंजूर. सही केली. शमुवेलने कागद हातात घेऊन शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, डब्यात ठेवला आणि डबा फळीवर.

"म्हंजे रविवारी याचं व्हय आता मी?"

"रजा आहे तुझी. संपली की ये."

"कवा संपती?"

"ते मी लिहिलेलं नाही."

शमुवेल हसला. दुकानापुढे गिऱ्हाइकांसाठी एक फळकुटाचा बाक होता, त्यावरच्या ट्यूबा त्याने खाली ढकलल्या आणि फडक्याने जागा पुसली. "बस की मग. आदर्श, दोन च्या सांग जा. का सभा खोळंबलीया तुझी?"

"खोळंबू दे," अप्पा म्हणाले. वही बाजूला ठेवून ते बाकावर टेकले आणि पाय लांब केले. "मी पण रजेवर आहे."